काडी न ओढता पेरणी

दम्याची औषधं कोणती, असं विचारलं की वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी इनहेलरपासून सुरुवात करतो. मग श्वासनलिका रुंद करणारी औषधं, स्टेरॉइड आणि वेळ पडलीच तर ऑक्सिजन. या यादीच्या शेवटी मी ट्रॅक्टरमागे जोडायचं एक पेरणी यंत्र लिहितो, तेव्हा वर्गात हसू फुटतं. पण उत्तर भारतातल्या कोट्यवधी लोकांना नोव्हेंबर महिन्यात श्वास किती सुखाने घेता येईल, हे बऱ्याच अंशी पंजाब-हरियाणाच्या शेतांत ठरतं. भाताची कापणी झालेली असते, शेत पेंढ्याने झाकलेलं असतं आणि त्याच शेतात गहू पेरायचा असतो. पेंढा न हलवता पेरता आलं, तर काडी ओढावी लागत नाही. ही साधी वाटणारी गोष्ट साधायला अभियंत्यांना कित्येक वर्षं लागली.

वीस दिवसांची घाई

पराली जाळणाऱ्या शेतकऱ्यावर दरवर्षी बरीच टीका होते. तो असं का करतो, हे समजून घेतल्याशिवाय उपायाकडे जाता येणार नाही.

पंजाबात भातामागून गहू हे चक्र हरित क्रांतीनंतर पक्कं झालं. भाताने भूजल उपसलं जाऊ लागलं, म्हणून राज्याने २००९मध्ये कायदा केला. त्यानुसार १० जूनच्या आधी भाताची लावणी करायला मनाई झाली. पाणी वाचवण्यासाठी हा कायदा गरजेचाच होता. पण लावणी पुढे गेली, तशी कापणीही ऑक्टोबरच्या अखेरीकडे सरकली. गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे उत्पन्न साधारण १ टक्क्याने घटतं, कारण मार्चमधल्या उन्हात दाणा भरण्याआधीच पीक वाळू लागतं. म्हणजे एक पीक काढून दुसरं पेरायला शेतकऱ्याच्या हाती जेमतेम वीस दिवस उरतात.

त्यात कापणी हाताने होत नाही, कंबाइन हार्वेस्टरने होते. हे यंत्र वरची लोंबी घेतं, खाली वीतभर किंवा त्याहून उंच धसकटं उभी ठेवतं आणि मळलेला पेंढा मागे पट्ट्यांमध्ये टाकत जातं. हेक्टरी ६ ते ८ टन पेंढा मागे राहतो. एकट्या पंजाबात वर्षाला सुमारे २ कोटी टन. आपल्या कोकणात भाताचा पेंढा गुरांना घालतात. पंजाबात मात्र गव्हाचा भुसा मुबलक असल्यामुळे सिलिकाचं प्रमाण जास्त असलेला हा भरड पेंढा गुरांपुढे टाकायला फारसं कोणी तयार नसतं. मजूर लावून उचलायचा तर खर्च परवडत नाही. आगपेटीतली एक काडी मात्र जवळजवळ फुकट असते, आणि एका दुपारी शेत मोकळं होतं.

एका एकराचा धूर

एक टन पेंढा जळला की साधारण ३ किलो सूक्ष्म कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड आणि दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा कृषिशास्त्रज्ञांचा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. एका एकरात अडीच टन पेंढा धरला, तर साडेसात किलो कण होतात. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून थोडा हिशेब करू.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. भारतीय मानकानुसार चोवीस तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ही मर्यादा १५वर आणली. आपण भारतीय मानकच धरू. पेंढ्याच्या धुरातले बहुतेक कण बारीकच असतात. साडेसात किलो कण अगदी स्वच्छ हवेत मिसळून तिला ६०च्या मर्यादेपर्यंत न्यायचं म्हटलं, तर साडेबारा कोटी घनमीटर हवा लागेल. एक माणूस दिवसभरात साधारण १२ घनमीटर हवा श्वासात घेतो. म्हणजे एका एकराचा धूर एक कोटी लोकांच्या दिवसभराच्या हवेला मर्यादेपर्यंत मळवू शकतो. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात धूर वाऱ्याने पांगतो, वर जातो, काही खाली बसतो. पण अशी शेतं लाखोंनी असतात आणि ती एकाच पंधरवड्यात पेटतात.

शिवाय नोव्हेंबरची हवा धूर पांगवायला फारशी मदत करत नाही. जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची थंड हवा खालीच राहते आणि वरच्या उबदार थराचं झाकण बसतं. वारा वायव्येकडून, म्हणजे पंजाब-हरियाणाकडून दिल्लीकडे वाहतो आणि मंद असतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेच्या अंदाजांनुसार, दिल्लीच्या पीएम २.५मध्ये शेतातल्या आगींचा वाटा काही दिवशी ४० टक्क्यांच्याही पुढे गेला आहे, तर कित्येक दिवशी तो अगदी थोडा असतो. दिल्लीची वाहनं, बांधकामं, कारखाने वर्षभर आपापली भर घालतच असतात. सगळं खापर शेतकऱ्यावर फोडणं म्हणूनच चूक आहे.

हे कण शरीरात काय करतात? नाकातले केस आणि घशातला चिकट द्रव मोठी धूळ अडवतात. पीएम २.५ त्यांना चुकवून थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे दाह होतो. दम्याच्या रुग्णाला झटका येतो, सीओपीडीच्या रुग्णाची धाप वाढते, लहान मुलांना न्यूमोनिया लवकर गाठतो. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यामुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. गरोदर स्त्रियांमध्ये बाळाचं वजन कमी भरण्याशीही या कणांचा संबंध आढळला आहे.

आणि हा धूर आधी कोणाच्या छातीत जातो? ज्याने काडी ओढली त्याच्या, आणि त्याच्या घरातल्यांच्या. सुमारे अडीच लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे शेतं मोठ्या प्रमाणावर जाळली जातात त्या जिल्ह्यांत तीव्र श्वसनसंसर्गाचा धोका सुमारे तिप्पट असल्याचं त्यात दिसलं. बातम्या दिल्लीच्या होतात, खोकला मात्र संगरूर आणि कैथलच्या गावांतून सुरू होतो.

नेहमीचं यंत्र का अडतं?

आता शेतात जाऊ. आपली पाभर किंवा ट्रॅक्टरचं साधं पेरणी यंत्र हे मोकळ्या, भुसभुशीत जमिनीसाठी असतं. फण जमिनीत चीर पाडतो, नळीतून बी पडतं, माती वरून बसते. न नांगरता पेरणारी यंत्रंही नव्वदच्या दशकापासून आपल्याकडे आहेत. त्यांचा फण उलट्या ‘टी’ अक्षरासारखा असतो. तो जमिनीच्या पोटात रुंद आणि वर अरुंद अशी चीर पाडतो, त्यामुळे ओल टिकते. पण हेच यंत्र पेंढ्याने झाकलेल्या शेतात घातलं, की तीन अडचणी येतात.

पहिली म्हणजे फण दाताळ्यासारखे वागू लागतात. सुटा पेंढा त्यांच्यात अडकतो, थोड्याच अंतरात मोळी तयार होते आणि यंत्र उचलून ती मोकळी करावी लागते. जिथे यंत्र उचललं तिथे बी पडत नाही. दुसरी, बियांच्या पेटीला गती देणारं चाक जमिनीवर टेकून फिरत असतं. ते पेंढ्यावरून घसरलं, की बी कमी-जास्त पडतं. तिसरी, खोली एकसारखी राहत नाही. गव्हाचं बी साधारण पाच सेंटिमीटर खोल, ओल्या मातीला चिकटून पडायला हवं. पेंढ्याच्या गादीवर पडलेलं बी उगवत नाही.

मग फणांऐवजी पेंढा कापत जाणारे गोल तवे लावले तर? वाळलेल्या काडीवर ते चालतात. पण दवाने मऊ झालेली काडी कापली जात नाही. तवा तिला दुमडून चिरेत ढकलतो आणि बी त्या काडीवर बसतं. वर हा पेंढा सिलिकामुळे खरखरीत असल्याने धारही लवकर जाते. तवा जमिनीत घुसवायला यंत्र जड करावं लागतं, आणि जड यंत्राला मोठा ट्रॅक्टर लागतो.

फणापुढची पाती

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी २००१च्या सुमारास यावर एकत्र काम सुरू केलं. पहिली कल्पना सरळ होती. चारा कापून उचलणारं यंत्र पुढे आणि पेरणी यंत्र मागे. पुढच्याने पेंढा कापून उचलायचा, उघड्या जमिनीवर मागच्याने पेरायचं आणि उचललेला पेंढा पेरलेल्या ओळींवर टाकायचा. यातून ‘हॅपी सीडर’ जन्माला आला. काम झालं, पण यंत्र लांबलचक आणि बोजड होतं. पुढे दोन्ही भाग एकाच सांगाड्यात बसवले. तरीही सगळा पेंढा उचलण्यात ताकद खर्च होत होती आणि धुळीचा लोट उठत होता.

खरी प्रगती झाली ती प्रश्न नव्याने मांडल्यावर. सगळ्या शेतातला पेंढा उचलायची गरजच काय? बी पडतं ती जागा बोटभर रुंद. तेवढीच मोकळी असली तरी पुरे. ‘टर्बो हॅपी सीडर’मध्ये प्रत्येक फणाच्या पुढे, ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणाऱ्या दांड्याला झुलती पाती बसवली आहेत. ती मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतात, फणाच्या तोंडाशी येणारा पेंढा कापतात आणि बाजूला सारतात. फणाला कायम स्वच्छ पट्टी मिळते. बाजूला गेलेला पेंढा दोन ओळींमधल्या वीतभर जागेत आच्छादन होऊन पडतो.

या आच्छादनाचे फायदे नंतर लक्षात येत गेले. भाताच्या शेतातली उरलेली ओल वाया जात नाही, त्यामुळे पेरणीपूर्वीचं एक पाणी वाचू शकतं. नांगरणीचं डिझेल वाचतं. गव्हातलं तण दबतं. एक टन पेंढ्यात साडेपाच किलो नत्र आणि २५ किलो पालाश असतं. जाळल्यावर यातलं जवळजवळ सगळं नत्र हवेत जातं. पेंढा पेरणीच्या तोंडावर मातीत गाडला, तर तो कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि कोवळं पीक पिवळं पडू शकतं. वर पसरलेला पेंढा हळूहळू कुजतो, त्यामुळे हा त्रास कमी होतो. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९मध्ये दहा पर्यायांची तुलना प्रसिद्ध झाली. हॅपी सीडरची पद्धत जाळण्यापेक्षा सरासरी १० ते २० टक्के अधिक नफ्याची ठरते, असा तिचा निष्कर्ष होता.

औषध आहे, मग आजार का?

इथे डॉक्टर म्हणून मला एक ओळखीची गोष्ट दिसते. औषध गुणकारी असणं आणि रुग्ण ते घेणं यांत मोठं अंतर असतं. औषध महाग आहे का, वेळेवर मिळतं का, घ्यायला अवघड आहे का, त्याची भीती वाटते का, या प्रश्नांवर उपचाराचं यश ठरतं. यंत्राचंही तसंच आहे.

हॅपी सीडरला निदान ४५ एचपीचा ट्रॅक्टर लागतो. लहान शेतकऱ्याकडे तो नसतो. यंत्राची किंमत दीड लाखाच्या आसपास आणि काम वर्षातून वीस दिवस. सकाळी दवाने पेंढा ओला असतो, म्हणून दहा-अकराच्या आधी काम सुरू होत नाही आणि संध्याकाळी लवकर थांबावं लागतं. दिवसाला सहा ते आठ एकर झाले तरी पुष्कळ. म्हणजे वीस दिवसांत एक यंत्र फार तर १२० ते १६० एकर पेरील. हजार एकरांच्या गावाला सात-आठ यंत्रं लागतील, आणि तीही सगळ्यांना एकाच वेळी. ज्याचा नंबर शेवटी लागणार, तो दहाव्या दिवशी अस्वस्थ होऊन काडी ओढतो.

शिवाय कंबाइनने पेंढा पट्ट्यांत टाकला असेल, तर चांगलं यंत्रही त्या ढिगात अडतं. कापणी करतानाच पेंढा कापून सारखा पसरवणारी जोडणी कंबाइनच्या मागे हवी. ‘सुपर एसएमएस’ नावाची ही जोडणी पंजाबने २०१८मध्ये सक्तीची केली. पण तिने कंबाइनचं डिझेल वाढतं, म्हणून काही चालक ती बंद ठेवतात. एका यंत्राचं यश असं दुसऱ्या यंत्राच्या मालकावर अवलंबून असतं.

भीतीही खरी असते. पिढ्यान् पिढ्या स्वच्छ नांगरलेलं शेत ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानली गेली आहे. पेंढ्यातून वर आलेला गहू सुरुवातीला विरळ दिसतो. आच्छादनात उंदीर होतात, काही ठिकाणी गुलाबी खोडकिडीचा त्रास झाला. अशा तक्रारींना वेळेवर उत्तर देणारा माणूस गावात लागतो. म्हणूनच बरेच शेतकरी पेंढा मातीत मिसळून पेरणाऱ्या ‘सुपर सीडर’कडे वळले. त्याने शेत नांगरल्यासारखं दिसतं, पण त्याला आणखी मोठा ट्रॅक्टर आणि जास्त डिझेल लागतं. दुसऱ्या टोकाला, बी आणि खत आधी फेकून त्यावर पेंढा कापून पसरायचा, असा सोपा ‘सरफेस सीडर’ही लुधियानात तयार झाला आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये पराली जाळण्यावर बंदी घातली, दंड झाले, तरी आगी थांबल्या नाहीत. केंद्राने २०१८पासून यंत्रांसाठी शेतकऱ्याला ५० टक्के, तर सहकारी संस्था आणि यंत्र भाड्याने देणाऱ्या केंद्रांना ८० टक्के अनुदान देऊ केलं. पंजाबात एक लाखाहून अधिक यंत्रं पोहोचली. उपग्रहांच्या नोंदींनुसार पंजाबातल्या आगी २०२०च्या हंगामात ८३ हजार होत्या, त्या २०२४मध्ये ११ हजारांच्या खाली आल्या. या आकड्यांवर लगेच आनंद मानू नये. या उपग्रहांची फेरी दुपारी दीडच्या सुमारास होते. त्यानंतर लावलेल्या आगी मोजणीतून सुटतात, हे काही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. तापमापी फोडून ताप उतरत नसतो. तरी वाट योग्य आहे, हे मान्य करायला हवं.

चालकाचाही श्वास

यंत्र बनवणाऱ्यांना एक डॉक्टर म्हणून दोन विनंत्या. फिरत्या पात्यांपुढे दिवसभर बसणारा चालक धुळीत असतो. शहराची हवा वाचवताना त्याच्या छातीत धूळ भरू नये. पात्यांचा वेग, त्यांचा आकार आणि मागचा पडदा ठरवताना धूळही मोजली जावी. दुसरी विनंती पीटीओच्या उघड्या शाफ्टबद्दल. मफलर, लुंगी, ओढणी त्यात गुंतून हात तुटलेले रुग्ण कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकाने पाहिलेले असतात. शाफ्टवरचं झाकण काढून ठेवू नका, आणि यंत्रात अडकलेला पेंढा ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय काढू नका.

आपल्याकडचं पाचट

हा सगळा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर ऊसतोडणीनंतर पश्चिम महाराष्ट्रातून रात्री प्रवास करून पाहा. उसाचं पाचट हेक्टरी ८ ते १० टनांपर्यंत निघतं आणि खोडव्याच्या मशागतीला अडथळा नको म्हणून अजूनही अनेक शेतांत पेटवलं जातं. अडचण तीच आहे. पाचटाच्या थरातून अवजार चालत नाही आणि खत मुळाशी जात नाही. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने यावर ‘सॉर्फ’ नावाचं यंत्र तयार केलं. ते पाचट न जाळता उसाची खुंटं जमिनीलगत छाटतं, वरंब्याच्या बगला फोडतं, जुनी मुळं तोडतं आणि त्याच फेरीत खत मातीत पेरतं. पंजाबच्या अनुभवातून आपण घ्यायचा धडा एवढाच, की यंत्र तयार होणं ही सुरुवात असते. ते गावातल्या सोसायटीत, हंगामाच्या आधी, दुरुस्त अवस्थेत उभं असायला हवं.

धूर असेल त्या दिवसांत दमा, सीओपीडी आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी नियमित औषध चुकवू नये, पहाटे बाहेर फिरायला जाणं टाळावं, बाहेर पडावंच लागलं तर एन-९५ मास्क वापरावा. रुमालाने हे कण अडत नाहीत. धाप वाढली, बोलताना वाक्य पुरं होईना, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हे सगळे उपाय धूर आल्यानंतरचे आहेत. म्हणून पुढच्या दिवाळीनंतर दिल्लीच्या हवेचे आकडे वाचाल, तेव्हा सोबत आणखी एक आकडा शोधा. त्या आठवड्यात किती एकर गहू पेंढ्यातून पेरला गेला?